पेशंटच्या जागी तिचं नाव

मुरुम, ता. उमरगा
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

ती. गौरीशंकर दाजी यांना,
महारुद्रचे शरणार्थ.

इकडं सगळे बरे आहेत. थंडीत अप्पांचा गुडघा धरला होता, आता सुटलाय. हरभरा काढून झाला. अव्वा रोज अक्काची आठवण काढते आणि रोज मला म्हणते, "दाजींना एक फोन कर की रं." मी करत नाही. आपण फोनवर बोलायला लागलो की दुसऱ्या वाक्याला तुमचा आवाज चढतो, तिसऱ्याला माझा, आणि त्यानंतर कुणीतरी फोन बंद करतो. म्हणून कागद घेतला. अक्काच्या मोबाईलवर लिहून पाठवता आलं असतं, पण ती आधी वाचेल आणि पुसून टाकेल. तुमच्या घरात भांडण नको म्हणून ती काहीही पुसून टाकते. म्हणून दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. गिऱ्हाईक समोर असताना उघडू नका एवढीच विनंती.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, पारण्याला, तुम्ही आमच्याकडं आलात. अप्पांना म्हणालात, "मामा, आपलं घर काय येगळं हाय का? राजेश्वरीला पदरात घ्या." मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. अप्पा म्हणाले, "पोराला इच्यारून सांगतो." तुम्ही गेलात आणि अप्पांनी पोराला विचारलंच नाही. पेढे आणले. ज्या माणसानं दोन वर्षांमागं एका लग्नात विषय निघाल्यावर, चार पाहुण्यांत, "कॉलेज अर्धं सोडून आलेल्याला माझी बहीण देऊ? ह्याच्या रागाला भाकरी कोण घालणार?" असं विचारलं होतं, तो स्वतःच्या पायानं आला, ह्याचा अप्पांना लई आनंद झाला होता.

पेढा मीही खाल्ला.

तुमच्या विचारण्याचं उत्तर ह्या पत्रात आहे. पण आधीच लिहिलं तर तुम्ही बाकीचं वाचणार नाही. तेव्हा आधी त्या मेसेजचं लिहितो.

अक्कलकोटच्या सुरजशी राजेश्वरीचं ठरलं, त्या कुंकवाच्या कार्यक्रमाला मी तिथं नव्हतो. तुम्ही बोलावलं नव्हतं. अक्कानं सांगितलं तेवढंच मला माहीत. राजेश्वरीच्या हाताला ओली मेंदी होती, म्हणून तिनं आपला मोबाईल सुरजच्या आत्याकडं, रुद्रम्मांकडं दिला, की तुम्हीच फोटो काढा. फोटो काढता काढता वर मेसेज आला. उमरग्याच्या बायकांच्या दवाखान्याचा. "नमस्कार राजेश्वरी, आपल्या तिसऱ्या महिन्याच्या तपासणीची वेळ उद्या सकाळी अकरा. येताना भरपूर पाणी पिऊन यावे." रुद्रम्मांनी तो मोठ्यानं वाचला. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. अक्कलकोटची माणसं न जेवता गाडीत बसली.

दाजी, तो मेसेज माझ्याकडून गेला.

थांबा. कागद टाकू नका. राजेश्वरीचा ह्यात केसाइतकाही संबंध नाही, आणि तेच तुम्हाला पटेल असं लिहायचं आहे. मला समजावून सांगता येत नाही, मी लवकर चिडतो, पण कागदावर चिडायला समोर कुणी नाही.

मी उमरग्यात अमरनाथ सरांकडं कामाला आहे ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही दवाखान्यांना सॉफ्टवेअर करून देतो. पेशंटचं नाव लिहायचं, नंबर लावायचा, वेळ आली की त्याला मेसेज जातो. हे सगळं नीट चालतंय का ते तपासायचं काम माझं. पण मी हातानं तपासत नाही. त्यासाठी दुसरा एक प्रोग्रॅम असतो. तो सुरू केला की स्क्रीनवर बटणं आपोआप दाबली जातात, खोटा पेशंट तयार होतो, त्याला नंबर मिळतो, डॉक्टरांकडं जातो, त्याचा मेसेज निघतो, तो घरी जातो. सगळं बरोबर झालं तर शेवटी हिरवी खूण येते.

आता हा प्रोग्रॅम कुठल्या दवाखान्यावर चालवायचा, सरावाच्या का खऱ्या, मेसेज खरा पाठवायचा का नुसतं पाठवल्यासारखं करायचं, पेशंटचं नाव काय, मोबाईल नंबर काय, हे त्या प्रोग्रॅमच्या पोटात लिहीत नाहीत. बाहेर लिहून ठेवतात. त्याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. नावाला घाबरू नका. तुमच्या दुकानात फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं ना, ट्रकच्या पुढच्या चाकाला एवढी हवा, ट्रॅक्टरला एवढी? तुमचा कारागीर फळा बघतो आणि हवा भरतो. कॉम्प्रेसर तोच, माणूस तोच. फळ्यावरचा आकडा बदलला की हवा बदलते. बस, एवढंच.

फक्त आमच्याकडं असे फळे दोन. एक छोटी फाइल, तिच्यात ओळी लिहिलेल्या. दुसरं, खुद्द मशीनला सांगून ठेवलेलं. दोन्हीकडं एकच गोष्ट वेगवेगळी लिहिलेली असली तर प्रोग्रॅम मशीनचं ऐकतो, फाइलचं नाही. म्हणजे समजा फळ्यावर एक आकडा आहे आणि सकाळी तुम्ही कारागिराच्या कानात दुसराच सांगितला. तो फळा बघेल का? मालकानं कानात सांगितलेलंच धरणार.

कुंकवाच्याच दिवशी, शुक्रवारी, सकाळचा रोजचा प्रोग्रॅम चालवून झाल्यावर सर म्हणाले होते, "माझ्या मोबाईलवर एक खरा मेसेज येऊ दे, मराठी अक्षरं फुटतात का बघू." त्यासाठी मी फाइलमध्ये तेवढ्यापुरता त्यांचा नंबर घातला आणि मशीनला सांगून ठेवलं की मेसेज खरा पाठव. काम झालं, सरांनी बघितलं, मी फाइल पहिल्यासारखी केली आणि मशीनला सांगितलेलं काढायचं विसरलो. मग दुपारी दवाखान्याचा नवीन भाग तपासायचा होता, गरोदर बायकांना तपासणीची आठवण करून देणारा. मी फाइल उघडून बघितली. मेसेजच्या ओळीत "खोटा" होतं. मी निर्धास्त प्रोग्रॅम सुरू केला. मशीनला "खरा" सांगितलेलं होतं. त्यानं मशीनचं ऐकलं.

इथपर्यंतचं तुम्ही अक्कलकोटकरांना खुशाल सांगा. सोबत दोन कागद जोडलेत. एक अमरनाथ सरांचा, ऑफिसच्या शिक्क्याचा, की हा मेसेज तपासणीच्या चुकीनं गेला. दुसरा दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा, की ह्या नावाची कुणीही पेशंट आमच्याकडं कधी आली नाही.

पण तुम्ही दुकानदार माणूस. तुम्ही विचारणारच, खोट्या पेशंटला माझ्या बहिणीचं नाव कसं?

पहिल्यांदा मी लिहिणार होतो की सहज, सुचेल ते नाव टाकलं. तसं लिहिलेला कागद चुलीत घातला.

नागपंचमीला अक्का आली होती तेव्हा राजेश्वरी पण आली होती. मी लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसलो होतो. ती मागं येऊन उभी राहिली. स्क्रीनवर बटणं आपोआप दाबली जाताना बघून म्हणाली, "भूत बसलंय व्हय रं ह्याच्यात?"

मी म्हणालो, "उमरग्याच्या त्या मोठ्या दवाखान्याचं काम हाय. माझ्याकडं दिलंय." जरा मोठ्यानंच म्हणालो.

"पेशंटचं नाव काय लिवलंस हे? टेस्ट टेस्ट?"

"असंच असतंय."

"बिचारी. आई-बापानं टेस्ट नाव ठिवलं व्हय? जरा नीट नाव दे की."

ती गेल्यावर मी तिचंच नाव दिलं. मोबाईल नंबरच्या ओळीत खरा वाटणारा नंबर लागतो, मला तिचाच पाठ होता. मेसेज खरा जातच नव्हता, त्यामुळं कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसात पोचलो की मी प्रोग्रॅम सुरू करायचो. स्क्रीनवर राजेश्वरी यायची, रांगेत बसायची, डॉक्टरांना भेटायची, बरी होऊन घरी जायची. हिरवी खूण. मग मी चहा घ्यायचो.

दाजी, तुम्हाला वाचताना संताप येत असेल. येऊ द्या. मला तुमच्या जागी बसवलं असतं तर मी आत्तापर्यंत मोटरसायकलवर असतो.

नवीन भागासाठी फाइलमध्ये एक ओळ वाढवायची होती. महिना कितवा. वरच्या ओळीत तिचं नाव होतं आणि खाली मी "तिसरा" लिहिलं. तिथं हात थांबायला पाहिजे होता. थांबला नाही. उलट लिहिताना जे मनात आलं त्यात एक घर होतं, अव्वा होती, पाळणा होता. आणि तिकडं नळदुर्गला, तुमच्या घरी, त्याच दुपारी तिला दुसऱ्याच्या नावाचं कुंकू लागणार होतं, हे मला माहीत होतं. मी मुद्दाम मेसेज पाठवला नाही. शपथेवर सांगतो, पाठवला नाही. पण त्या दिवशी त्या ओळी बघताना माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

तिनं मला कधी काही वचन दिलं होतं असं समजू नका. पंचमीलाच, निघताना, मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "महारुद्र, तुझ्या रागाची मला भीती न्हाय वाटत. पर रोज उठून त्याची समजूत काढायची मला हौस न्हाय." मग हसून म्हणाली, "आणि तुझं नावच तसं हाय, तू तरी काय करशील." मला त्याच वेळी ते पुरायला पाहिजे होतं.

सुरज तिला आवडला होता. हेही अक्कानंच सांगितलं.

आता उरलेलं लिहितो. ह्याच्यासाठी हे पत्र आहे.

मेसेज गेला ते मला त्याच क्षणी कळलं. प्रोग्रॅम संपला की एक यादी येते. तिच्यात तिच्या नंबरापुढं "पोचला" असं आलं. खोट्या मेसेजपुढं ते कधीच येत नाही. मी मशीनची सेटिंग उघडली, "खरा" दिसलं. फोन खिशात होता. अक्काला लावायचा आणि म्हणायचं, अक्का, आत्ता आलेला मेसेज माझ्या चुकीचा आहे, सगळ्यांसमोर सांग. एवढंच बोलायचं होतं. अक्कलकोटची गाडी तेव्हा तुमच्या दारातच असणार.

मी फोन काढला नाही.

आधी वाटलं नोकरी जाईल. मग वाटलं, तिचा नंबर माझ्याकडं कशाला होता हे तुम्ही विचाराल. मग संध्याकाळी अक्काचा रडत फोन आला की स्थळ मोडलं, आणि दाजी, मला आत कुठंतरी हलकं वाटलं. मी हे लिहितोय कारण नंतर कुणाला बोलून दाखवणार नाही. मला बरं वाटलं.

नंतर तुम्ही तिला सोलापूरला नेलंत. अक्कानं सांगितलं तेव्हा मी ताट भिरकावलं. अव्वा म्हणाली, "ह्याला काय झालं?" मी तुम्हाला शिव्या घातल्या. जी पोरगी रोज लॅबमध्ये दुसऱ्यांचं रक्त तपासते तिला बाकावर बसवून तुम्ही तिचं रक्त काढायला लावलंत, सोनोग्राफी केलीत. स्वतःच्या बहिणीपेक्षा तुम्हाला दीड ओळीचा मेसेज खरा वाटला! रिपोर्ट निल आला तरी तिचा मोबाईल परत दिला नाही, लॅबला जाऊ दिलं नाही. आणि अक्कलकोटकर म्हणाले, रिपोर्ट काय, पैसे टाकले की मिळतो. हे तुमचं तुम्हाला लख्ख सांगतोय, माझी पायरी सोडून सांगतोय. पण ती त्या बाकावर बसली होती तेव्हा मी उमरग्यात खुर्चीत बसलो होतो आणि मला सगळं माहीत होतं. शिव्या तुम्हाला घालताना अर्ध्या कुणाला लागत होत्या ते मला कळत होतं.

तरी मी गप्प राहिलो. तुम्ही पारण्याला आलात, मी पेढा खाल्ला.

काल अक्काचा फोन आला. शेजारच्या घरून केला होता. मला वाटलं लग्नाचं बोलेल. ती म्हणाली, "तूच हायस न्हवं?"

"कुणी सांगितलं तुला?" मी म्हणालो.

"राजीला पहिल्या दिवसापासून ठावं हाय," अक्का म्हणाली. "पंचमीला तिनं तुझ्या त्या मशीनवर ह्याच दवाखान्याचं काम बघितलंय, पेशंटला नीट नाव दे असं तीच म्हणाली व्हती. मेसेज वाचल्या वाचल्या ती मला मागल्या दारी घिऊन गेली, म्हणाली, वहिनी, त्याचं नाव काढू नका. दादा तुम्हाला माहेरी धाडील."

"मग इतके दिवस…"

"इतके दिवस ती माझ्यासाठी गप हाय, रुद्र. तू कुणासाठी गप हायस?"

मी विचारलं, लग्नाचं ऐकून ती काय म्हणाली. अक्का म्हणाली, "म्हणाली, आता कुणाशीबी लावा."

मी आजपर्यंत तिच्याविषयी जे जे मनात आणलं, त्यात ती मला हो म्हणते असंच होतं. हे असं हो मी कधी मनात आणलं नव्हतं.

फोन ठेवून मी तसाच उमरग्याला गेलो. अमरनाथ सरांना सगळं सांगितलं.

सर म्हणाले, "मेसेज गेला हे तुला दिसलं होतं?"

"व्हय."

"कवा?"

"तवाच."

"मग इतके दिवस काय शेंगा सोलत बसला व्हतास?"

मी लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला.

"दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंपुढं आता मी कुठल्या तोंडानं उभा राहू? त्यांचं नाव गेलंय त्या मेसेजात." सर उठले, येरझाऱ्या घातल्या, परत बसले. "कागद दोन्ही देतो. बाईंना मीच सांगतो. पर सोमवारपासून तू येऊ नगं. काम येतंय तुला, पर माणसाचा नंबर हातात द्यावा असा तू न्हाईस."

कॉलेजात ह्याच्यापेक्षा कमी बोलण्यावरून मी प्रॅक्टिकलच्या सरांची कॉलर धरली होती, आणि माफी लिहून देण्यापेक्षा कॉलेज सोडलं होतं. काल मी नुसतं "व्हय सर" म्हणालो.

तर दाजी, तुमच्या विचारण्याचं उत्तर. नाही.

मला ती नको आहे असा ह्याचा अर्थ लावू नका. मला दुसरं काहीच नको आहे. अप्पांना अजून सांगितलं नाही. अव्वानं अक्काला द्यायच्या साड्या काढून ठेवल्यात. आधी पत्र पोस्टाच्या पेटीत टाकणार आणि मग घरी येऊन सांगणार, कारण मला माझा भरवसा नाही. नाहीतर संध्याकाळपर्यंत मी हे फाडून टाकेन. एकदा पेटीत पडलं की हात पोचत नाही.

कागद घेऊन अक्कलकोटला जायची माझी तयारी आहे. रुद्रम्मांच्या दारात उभं राहून, सुरजसमोर, जे वर लिहिलं ते सगळं सांगेन, लॅपटॉपवर दाखवेन. कुणी अंगावर आलं तर हात उचलणार नाही. पण जायचं की नाही ते आधी राजेश्वरीला विचारा. ज्या घरानं तिचं एक वाक्य ऐकून घेतलं नाही त्या घरात तिला अजून जायचंय का, हे तिचं तिला ठरवू द्या. ती जा म्हणाली तर मी जातो. नको म्हणाली तर हे दोन कागद तुमच्या भावकीत फिरवा, ज्या ज्या घरात तिच्याविषयी बोललं गेलं त्या प्रत्येक घरात. आणि तिचा मोबाईल तिला द्या, लॅबला जाऊ द्या. हे मी मागत नाही, मला मागायचा हक्क नाही, तरी लिहितोय.

अक्काला काही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी राजेश्वरीनं सांगितलं तेवढंच, आणि तेही तिनं तुमच्या घराची इज्जत राहावी म्हणून पोटात ठेवलं. तिला रागावायचं असेल तर आधी इकडं या, मला काय करायचं ते करा, मी दारात बसून राहतो. तिला माहेरी धाडू नका. तिनं माझ्यासारखा भाऊ मागून घेतला नव्हता.

राजेश्वरीला माझा निरोप काही नाही. मी तिला काही सांगितलं असं कुणी म्हणालं तर ते खोटं. माझ्या मशीनवरून तिचं नाव आणि नंबर मी काल सरांसमोर पुसले. फोनमधून पुसले. पाठ आहे त्याचं काय करायचं ते मला अजून कळलं नाही.

हे पत्र वाचून झाल्यावर तुम्ही मला पुन्हा दारात उभं करणार नाही, हे धरून चाललोय. अप्पांशी मात्र बोलणं तोडू नका. त्यांचा ह्यात दोष नाही, आणि त्यांना तुमचा लई अभिमान आहे.

तुमच्या बायकोचा भाऊ,
आणि तुमच्या घराशी ह्यापुढं फक्त तेवढ्याच नात्याचा,

महारुद्र